भिंतीकडे तोंड

लग्न होऊन मी खर्ड्याहून नगरला आले ती ऐन दुष्काळात. नवरा ट्रकवर, आठ-आठ दिवस घरी नसायचा. भाड्याच्या खोलीत मी एकटी. चुलीशी बोलून बोलून बोलायचं तरी किती? म्हणून बिड्यांच्या कारखान्यात जायला लागले. पैशासाठी तर जायचेच, पण खरं सांगते, माणसाचा आवाज ऐकायला जायचे.

तिथं माझ्या शेजारी आक्का बसायची. सगळ्यांत म्हातारी आणि तोंडानं फटकळ. मांडीवर सूप घेतलं की तिचा पहिला सवाल ठरलेला, "काय गं, आज कालवण काय केलं?" मग गप्पा सुरू. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा. हात आपोआप चालायचे.

मग नवा मुनीम आला. बिड्या कमी पडतात म्हणे, बायका बोलतात म्हणून! निम्मी पानं फाटकी यायची, ते मेल्याला दिसलं नाही. त्यानं आम्हाला भिंतीकडे तोंड करून बसवलं. बोललात तर घरी.

माझा हात जड झाला. खोलीत भिंत, इथंही भिंत. बिडी सैल पडायची, दोरा सुटायचा, मुनीम ढिगानं बिड्या बाद करायचा. मला नुसतं रडू यायचं. एक दिवस तो म्हणाला, "शनिवारपर्यंत काम सुधारलं न्हाई तर सोमवारी येऊ नको."

आक्कानं ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी भिंतीकडे बघतच ती मोठ्यानं म्हणाली, "काय गं, आज कालवण काय केलं?" मुनीम ओरडला. ती कसली ऐकते! सून, पाण्याचा टँकर, रॉकेलची रांग, रोज एकटीच बोलत राहिली. मी भीतीनं तोंड उघडलं नाही, पण ऐकता ऐकता हात पुन्हा आपोआप चालायला लागले. शनिवारी माझं काम पुरं भरलं.

त्याच संध्याकाळी आठवड्याचा हिशेब करून मुनिमानं आक्काला काढून टाकलं. सोमवारी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "बघा, ही गप बसली, हिचं काम वाढलं."

शेजारची जागा रिकामी होती. मी सूप मांडीवर घेतलं आणि मोठ्यानं म्हणाले, "पिठलं केलंय, आक्का. दुसरं काय हाय घरात?"

मुनीम माझ्या मागं येऊन उभा राहिला. मी बोलतच राहिले.