खड्ड्यातली जागा

गॅरेजच्या खड्ड्यात उतरायचा मान एकट्या उस्तादांचा. धाकट्या भावानं वर गाडीत बसायचं, सांगतील तसं स्टिअरिंग हलवायचं आणि तोंड बंद ठेवायचं, ही वडील गेल्यापासूनची रीत. धाकट्याचं खरं नाव गिऱ्हाइकांना ठाऊकच नव्हतं. उस्ताद त्याला ठोंब्या म्हणायचे, अगदी त्याच्या सासरच्या माणसांसमोरसुद्धा, आणि तेच चिकटलं.

जुन्या गाडीचं स्टिअरिंग सैल झालं की हातातलं चाक चार बोटं फिरलं तरी रस्त्यावरची चाकं ढिम्म हलत नाहीत. खोट असते खालच्या कुठल्यातरी एका सांध्यात, आणि सांधे तर ढीगभर. मग वरच्यानं स्टिअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे करत राहायचं, खालच्यानं एकेक सांधा चिमटीत धरून बघायचा. झिजलेला सांधा बोटांना बरोबर लागतो. उस्ताद हे डोळे मिटून करायचे. काय तो तोरा! "डोळ्यांनी बघतात ते नवशिके," म्हणायचे. आणि ठोंब्याचा हात जरा थांबला की खालून आरोळी यायची, "झोपलास का रे वर?" गिऱ्हाईक फिदीफिदी हसायचं. ठोंब्या मान खाली घालून म्हणायचा, "नाही दादा, चालू आहे. तुम्ही बघा."

खोटं कशाला बोला, माणसाच्या बोटांत जादू होती. पण होती! साखरेच्या आजारानं बोटं पार बधिर करून टाकली. एकदा चहाचा कप धरून बसले, बायकोनं फोड दाखवला तेव्हा कळलं की हात भाजलाय. तिची माया बाजूलाच राहिली, हे तिच्यावरच डाफरले, "बाहेर ब्र काढलास तर बघ!" खड्डा सुटला तर आपल्याला कुत्रंही विचारणार नाही, ही भीती त्यांना आतून कुरतडत होती. म्हणून ते आता कानांवर भागवायचे. कुठं टकटक झालं की तोच सांधा. कधी बरोबर निघायचं, कधी नाही.

मास्तरीणबाईंच्या गाडीत ते साफ तोंडघशी पडले. बाई निवृत्त, गाडी त्यांच्याहून थकलेली. उस्तादांनी टायरॉडचं, म्हणजे चाकं वळवणाऱ्या दांड्याचं, टोक बदलून दिलं, तर बाई पुन्हा दारात हजर.

"अहो उस्ताद, आहे तस्संच आहे. मी वळते इकडे, ही जाते तिकडे."

"या ठोंब्यानं नट आवळला नसेल. अक्कल वाटत होते तेव्हा हा कुठं उलथला होता कोण जाणे!"

ठोंब्यानं शांतपणे हात पुसले. "घेऊ या ना खड्ड्यावर. तुम्हीच बघा दादा." गाडी खड्ड्यावर घेतली, आणि जाता जाता त्यानं हवा भरायचा कॉम्प्रेसर सुरू केला. गॅरेजभर नुसती घरघर.

उस्ताद खाली उतरले. बाई काठावरून वाकून बघत होत्या, तेव्हा डोळे मिटणं भागच होतं. "हलव रे!" ते ओरडले. एक सांधा धरला, दुसरा धरला. बोटांना काही लागेना, कानांना काही ऐकू येईना. पण हार मानतील तर ते उस्ताद कसले!

"हा बघा! चांगलाच खेळतोय. सापडला चोर! बास कर रे ठोंब्या!"

कॉम्प्रेसर बंद झाला. उस्तादांनी डोळे उघडले तर ठोंब्या गाडीत नव्हताच. बाईंना तोंडावर बोट ठेवून गप्प करून तो त्यांच्या शेजारी उभा होता.

"काय बास करू दादा? स्टिअरिंगला कुणी हातच लावला नाही."

उस्तादांनी धरलेला सांधा सोडून दिला.

"वहिनींनी सांगितलं मला. बोटांना काही कळत नाही म्हणे तुमच्या. रडल्या बिचाऱ्या. म्हणाल्या, भावोजी, चारचौघांत त्यांना सांभाळून घ्या." ठोंब्यानं हात पुढं केला. "घेतो की सांभाळून. या वर."

तो हात न धरता उस्ताद कसेबसे वर आले. घरी निघून जावंसं वाटलं, पण घरी ती बसली होती, जिनं सांगितलं ती. ते गुपचूप गाडीत जाऊन बसले.

ठोंब्यानं खाली उतरून विजेरी मारली आणि डोळे चांगले उघडे ठेवले. "हलवा." उस्तादांनी हलवलं. "बाई, टायरॉड बिचारा धडधाकट होता हो! स्टिअरिंगचा बॉक्स गाडीला ज्या बोल्टांनी धरलाय तेच ढिले आहेत. अख्खा बॉक्स डुगडुगतोय. नुसतं बघितलं असतं तरी दिसलं असतं." पाना चालल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

"हं, आता हलव बघू."

हलव. आयुष्यात पहिल्यांदा ठोंब्यानं त्यांना अरेतुरे केलं होतं. उस्तादांचे हात जागच्या जागी राहिले.

"झोपलास का रे वर?"

मास्तरीणबाईंना हसू आवरलं नाही. वर्षानुवर्षं गिऱ्हाइकं हसत आली तशाच त्या हसल्या.

"नाही, चालू आहे," उस्ताद म्हणाले, आणि स्टिअरिंग खरंच हातात आहे का, हे त्यांनी खाली वाकून बघितलं.