तेराचा पाढा

ऑफिसच्या बसमध्ये माझ्या शेजारी बसणारा तो नागपूरकडचा माणूस कायम चिडलेला असायचा. संध्याकाळी बेळ्ळंदूरच्या ट्रॅफिकमध्ये बस अडकली की तो फोनवर मुलीकडून पाढे म्हणून घ्यायचा, आणि हॉर्न वाजला की "स्वल्प अण्णा, स्वल्प" म्हणजे जरा दमानं घे भाऊ, असं कानडीत ड्रायव्हरवर खेकसायचा.

त्याच्याकडे बघूनच मी बायको-मुलीला पुण्याहून इथे आणायचं ठरवलं. मला फोनवरचा बाप व्हायचं नव्हतं. काल त्याला म्हटलं, "तुम्हीही घरच्यांना घेऊन या की इकडे."

"कुठून? इथंच, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, येलहंक्याला राहतात. मी पोचतो तोवर पोरगी झोपून जाते," तो म्हणाला आणि त्याने पुन्हा तेराचा पाढा धरला.

मला त्याचा भयंकर राग आला. हे आधी सांगायला काय झालं होतं त्याला? पुण्याच्या शाळेतून मुलीचा दाखला आम्ही परवाच काढला होता.