फोटोसाठी फक्त

हळदीच्या शूटला निघताना माझ्या बॅगेत लेन्सच्याही आधी जाते ती शॉवर कॅप. हॉटेलात आंघोळीला ठेवतात ना, ती प्लास्टिकची टोपी. जुहूच्या एखाद्या हॉटेलात काम असलं की मी त्या मुठीने उचलून आणते आणि मला त्याची काडीची लाज वाटत नाही. टोपी कॅमेऱ्यावर ओढायची, लेन्सपुरतं भोक पाडायचं, दोन्ही हात आत घालायचे, बस. एकदा का हळद बटणांच्या फटीत शिरली की वाट लागली समजा, मग सर्व्हिस सेंटरवाला आपल्याकडे असा बघतो जसं काही आपणच कॅमेऱ्याला उटणं लावलंय.

खांद्यांवर दोन कॅमेरे, कमरेला बॅटऱ्यांचा पट्टा, हातात फ्लॅश, अशा अवतारात मी बोरिवलीच्या त्या सोसायटीच्या पोडियमवर पोचले. खाली पार्किंग, वर बाग, बागेत मांडव. नवरीच्या आत्याने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि सर कधी येणार असं विचारलं. सर मीच, असं मी सांगितलं. मग त्यांनी मागे कुणी आहे का ते वाकून बघितलं.

आत्याच्या मुलीने मला आधीच फोनवर संदर्भाचे फोटो पाठवले होते. उदयपूरचा महाल, कमळांचं तळं, धुक्यातून चालत येणारी नवरी. आमच्यासमोर होती पाण्याची टाकी आणि तिच्यावर वाळत घातलेली वॉचमनची बनियन. मांडव पिवळा, पडदे पिवळे, झेंडू पिवळे, पाहुण्यांना सक्तीने पिवळे कपडे. पिवळ्या कापडातून गाळून येणाऱ्या उजेडात अख्खं खानदान काविळीच्या वॉर्डातून उठून आल्यासारखं दिसत होतं. मी तसं म्हटलं नाही. व्हाइब झकास आहे, असं म्हटलं.

लोक मला विचारतात, मॅडम, तुमची इन्स्पिरेशन काय? खरं सांगू? उजेड कुठून येतोय आणि तो कुणाच्या तोंडावर पडतोय, एवढंच मी बघते. पण असं सांगितलं की त्यांना फसवल्यासारखं वाटतं, म्हणून मी हल्ली ‘युरोपियन सिनेमा’ म्हणते. कुठला ते अजून कुणी विचारलेलं नाही.

या नवरीने मात्र बुकिंगच्या वेळी असलं काही विचारलं नव्हतं. मुलुंडच्या एका कॅफेत समोर बसली, कॉफी ढवळत राहिली आणि सरळ बोलली, "ताई, बाकी कसेही काढ. मला एकच फोटो हवाय. आई मला हळद लावताना."

मी म्हटलं, त्यात काय अवघड? तर होतं अवघड. वडील जाऊन बरीच वर्षं झालेली. आईने शाळेच्या ऑफिसात नोकरी करून एकटीने हिला वाढवलेलं. आणि आता हळद सुवासिनींनीच लावायची, असं आत्याने ठरवून टाकलेलं. आत्या भांडकुदळ नव्हत्या, गोड होत्या, तेच तर वाईट. वहिनी, तुम्ही जेवणाकडे बघा हं, असं त्यांनी लाडाने सांगितलं होतं आणि आईने मान डोलावली होती. मुलीने भांडून बघितलं तर आईच म्हणाली, माझ्यासाठी वाद नको.

माझ्या स्वतःच्या हळदीला माझी आई स्वयंपाकघरात कुकरजवळ उभी होती. तेव्हा मला वाटलं होतं, बाई कामात आहे. अल्बम आला तेव्हा कळलं, ती एकाही पानावर नाही. त्या फोटोग्राफरचा मला अजून राग येतो, आणि त्याचा काही दोष नव्हता हे माहीत असूनही येतो.

तर सुरुवात झाली. आत्यांनी आंब्याची पानं हळदीत बुडवून पायांना, गुडघ्यांना, खांद्यांना, कपाळाला लावली. मग मामी, मावशी, शेजारच्या काकू. प्रत्येकीने लावताना मान माझ्याकडे वळवून दात दाखवले, त्यामुळे निम्मी हळद नवरीच्या कानात गेली. आत्याची मुलगी रील काढत होती आणि सगळ्यांना ‘नॅचरल हसा’ म्हणून दम देत होती. मध्येच एक काका मोबाइल उंच धरून माझ्यापुढे आले आणि माझ्या कॅमेऱ्याला झूम किती, याची चौकशी करून तिथेच उभे राहिले.

मी मागच्या स्क्रीनवर फोटो चाळले. सगळ्या फोटोंत नवरीची नजर डावीकडे, चौकटीबाहेर. मी वळून बघितलं. डावीकडे केटररचं टेबल होतं आणि तिथे आई उभी होती. फिकट रंगाची साडी, हातात फडकं. पुसलेल्या ताटल्या परत पुसत होती.

मी तिच्याकडे गेले. म्हटलं, काकू, मुलीची फार इच्छा आहे, चला ना. ती हसली. "नको गं. मी लांबूनच बरी. उद्या तिला काही झालं, तर माझा हात आठवत बसेन मी."

आत्याशी मी भांडले असते, मला भांडायला आवडतंच. पण ही बाई स्वतःच स्वतःला अडवून उभी होती. मी तणतणत परत फिरले. अरे, ड्रोन चालतो, कोरियन फेशियल चालतं, हळदीत डीजे चालतो, आणि आई चालत नाही?

आणि मग माझी ट्यूब पेटली. मी विनंती करत होते. फोटोग्राफरने विनंती करायची नसते!

आमच्या धंद्यात एक गोष्ट मी पक्की शिकलेय. लग्नघरात देवाच्या वर, गुरुजींच्या वर, मुहूर्ताच्या वर एकच माणूस असतो, ज्याच्या गळ्यात कॅमेरा आहे तो. माझ्या सांगण्यावरून गुरुजी मंत्राच्या मध्यावर थांबलेत. अक्षता पडून गेल्यावर अंतरपाट परत धरला गेलाय. घाटकोपरच्या एका नवऱ्याने उजेड बरा नव्हता म्हणून मंगळसूत्र सोडून पुन्हा बांधलंय. बायकोपेक्षा जास्त वेळा माझ्याशी बोलला तो त्या दिवशी. कुणी चकार शब्द काढला नाही. फोटोसाठी आहे म्हटलं की शास्त्र बाजूला होऊन उभं राहतं, वर विचारतं, मी फ्रेममध्ये येत नाही ना?

मी मांडवात गेले आणि आवाज चढवला. आता आई आणि मुलगी, दोघींचीच फ्रेम. काका, मोबाइल खाली. आत्या, तुम्ही जरा मागे, उजेड अडतोय. आत्या सवयीने मागे सरकल्या आणि मग त्यांच्या लक्षात आलं. पण हळद, असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, लावायची कुठेय? नुसतं पान धरायचं, लावल्यासारखं. आजकाल ही फ्रेम सगळे घेतात. आत्यांच्या मुलीने लगेच, हो मम्मी, ट्रेंडिंग आहे, असं सांगितलं. देव भलं करो त्या पोरीचं.

"फोटोसाठी फक्त हां," आत्या म्हणाल्या.

आईला कुणीतरी हाताला धरून आणलं. सगळे थांबलेत, फोटोग्राफरबाई खोळंबलीय, म्हटल्यावर तीही गोंधळून पुढे झाली. आयुष्यभर लोकांना ताटकळत न ठेवणारी बाई ती. कोरडं पान गालापासून वीतभर लांब धरून उभी राहिली.

मी कॅमेऱ्यामागून हुकूम सोडायला लागले. काकू, पान कोरडं दिसतंय, थोडं बुडवा. अजून जवळ. अजून. गालावर सावली पडतेय, टेकवा. पानामुळे चेहरा झाकला जातोय, पान ठेवून द्या, बोटंच घ्या. ती एकेक ऐकत गेली, पान बाजूला ठेवलं, बोटं हळदीत बुडवली. आणि मग ती बोटं मुलीच्या गालावर टेकली.

रील काढणारीचाही हात खाली आला. नवरीची नजर पहिल्यांदाच चौकटीच्या आत होती, समोर, आईच्या तोंडावर. दोघी हसत नव्हत्या. मी एकच बटण दाबलं आणि मला कळलं, आला. असा फोटो वर्षातून एखादाच येतो. माझे डोळे भरले होते आणि शॉवर कॅपमुळे पुसता येत नव्हते, दोन्ही हात तिच्यात.

झालं काकू, थँक यू, असं मी म्हटलं. मागे आत्या सुटकेचा श्वास टाकून जेवणाची पानं वाढायला सांगत होत्या. आईने बोटांकडे बघितलं. फडकं खांद्यावर होतं, पण तिने हात पुसले नाहीत. मग माझ्याकडे वळून अगदी हळू आवाजात म्हणाली,

"बघ गं नीट. हलला असेल माझा हात. अजून एकदा घे."

मी स्क्रीनकडे बघितलं. फोटो लख्ख होता.

"नाही आला, काकू," मी म्हटलं. "परत लावा."

या वेळी तिने दोन्ही हात हळदीत बुडवले.