स्वच्छ आवाज

चर्चमध्ये सगळ्यात चांगलं कोणाला ऐकू येतं, असं कोणी विचारलं असतं तर लहान पोरानेही वरच्या गॅलरीकडे बोट दाखवलं असतं. तिथे काचेच्या खोलीत, कानांवर हेडफोन चढवून आवाजवाले काका बसायचे. आठवडाभर ते आपल्या दुकानात बंद पडलेले रेडिओ आणि अॅम्प्लिफायर उघडून बसत आणि रविवारी इथे. पाळकसाहेबांचा श्वास, पान उलटल्याची सळसळ, पहिल्या बाकावरच्या म्हातारीच्या पर्सचा खटका, यातलं काही म्हणता काही त्यांच्या कानांतून सुटत नसे. सुटायचा तो उपदेश. पण हे कोणाला माहीत नव्हतं, आणि खुद्द काकांना तर मुळीच नव्हतं.

एकदा पाळकसाहेबांनी सहज विचारलं, "काका, मागच्या रविवारचा उपदेश कसा वाटला?"

"उत्तम," काका म्हणाले. "फक्त 'स' म्हणताना शिट्टी वाजते तुमची. दाढ काढल्यापासून जास्तच. माईक जरा बाजूला धरत जा."

पाळकसाहेब पोट धरून हसले. "आणि मी बोललो काय?"

काकांनी डोकं खाजवलं. "मेंढरांचं काहीतरी होतं."

मेंढरांचं नव्हतं. पाळकसाहेब पुन्हा हसले, पण या वेळी जरा कमी.

काकांना नावं ठेवणं सोपं आहे. मला विचाराल तर त्या चर्चमध्ये त्यांच्याइतका प्रामाणिक माणूस दुसरा नव्हता. थंडी असो, ताप असो, सगळ्यांच्या आधी ते हजर. प्रत्येक वायर हाताने चाचपून बघत, प्रत्येक स्पीकरखाली उभे राहून टाळी वाजवत. देवाचा शब्द शेवटच्या बाकापर्यंत पोचवायची जबाबदारी आपली आहे, याचं त्यांना केवढं अप्रूप होतं! आता जो माणूस शब्द पोचवतो त्याला तो पोचलेलाच असणार, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. असं धरून चालणारे काही ते एकटेच नाहीत. वेदीवरची फुलं मांडणारे असतात, गाण्यात वरचा सूर लावणारे असतात आणि उपदेश लिहिणारेही असतात. देवाच्या कामात माणूस इतका गुंततो की देव आपल्याशीच काही बोलत असेल, असं त्याच्या मनातही येत नाही.

उपदेश संपला की काकांचं दुसरं काम सुरू व्हायचं. जे आजारी होते, अंथरुणाला खिळले होते, त्यांच्यासाठी ते रेकॉर्डिंग तयार करत. दुकानात बसून कॉम्प्युटरच्या पडद्यावर आवाजाच्या रेघा बघायच्या, कुठे कोणी शिंकलं, कुठे बाळ रडलं, कुठे बाक करकरला, ते शोधायचं आणि कापून टाकायचं. नुसती शांतता असली तर तीही कापायची, कारण नुसती शांतता ऐकून आजारी माणसाला काय मिळणार? मूळ रेकॉर्डिंग जागा अडवतं म्हणून लगेच पुसायचं, ही त्यांची शिस्त. त्यांच्या हातून निघालेला उपदेश धुतल्या तांदळासारखा असे. मंडळीत सगळे कौतुक करत आणि काका ते कौतुक मान खाली घालून, पण पुरेपूर घेत.

त्यांना एक धाकटा भाऊ होता. तो लाकडाच्या वखारीत कामाला होता आणि भुशाने त्याची छाती खराब झाली होती. आई त्याच्याकडेच राहायची. ती आजारी पडली तेव्हा डॉक्टर म्हणाले, अजून चार दिवस काढेल. काका कुठल्याशा मैदानावर कर्णे बांधायला गेले होते. दादाला कामावरून कशाला ओढायचं, संध्याकाळी सांगू, असा धाकट्याने विचार केला. आई दुपारीच गेली. काका धावत आले तेव्हा तोंडावर चादर ओढलेली होती.

"शेवटचं कोणाशी बोलली?" काकांनी विचारलं.

"माझ्याशीच. दादा, ती तुझ्याबद्दल म्हणाली की—"

"गप्प बस! मला तुझ्या तोंडून एक अक्षर ऐकायचं नाही."

आणि खरंच त्यानंतर त्यांनी एक अक्षर ऐकलं नाही. धाकटा दुकानात आला तर हेडफोन कानांवर चढायचे. लग्नकार्यात समोर आला तर काकांना नेमकी वायर तपासायची आठवण व्हायची. अशी वर्षं गेली. काकूंनी सांगून पाहिलं, "अहो, एकाच आईची लेकरं तुम्ही." काका म्हणत, "मी कुठे भांडतोय?" ते भांडत नव्हते हेही खरंच. भांडायला निदान समोर उभं राहावं लागतं.

त्या चर्चची एक पद्धत होती. प्रभुभोजनाच्या रविवारी, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षरसाचा प्याला वाटण्याआधी, पाळकसाहेब म्हणत, "मनात अढी ठेवून या मेजापाशी येऊ नका. ज्याच्याशी बिनसलं आहे त्याच्याकडे आधी जा." मग ते गप्प उभे राहत. मंडळीत चुळबुळ होई. एखादी सून उठून सासूच्या बाकापाशी जाई, शेजारी शेजाऱ्याला गाठी. काही चतुर लोक ज्याच्याशी जन्मात भांडण झालं नाही अशाचाच हात हलवून मोकळे होत. ही शांतता बरीच लांबायची.

काकांना ही वेळ फार सोयीची वाटे. तेवढ्यात हातातल्या माईकची बॅटरी बदलता यायची, घोटभर पाणी पिता यायचं. उठून खाली जायचं ते मंडळीने, आपण कामावर आहोत, अशी सूट त्यांनी स्वतःला देऊन टाकली होती. भाकर आणि प्यालाही त्यांना वर आणून दिला जाई. ते हात पुसून, डोळे मिटून, अगदी भक्तिभावाने घेत.

आणि दर वेळी या शांततेत, मागच्या खांबाजवळ बसलेला धाकटा मान वळवून वर काचेकडे बघायचा.

काकांना ते दिसायचं. पण त्यांना अनुभवाने एक पक्कं ठाऊक होतं, की माणसं गॅलरीकडे मान वळवतात ती आवाज नीट येत नसला की. धाकट्याने वर बघितलं म्हणजे मागचा स्पीकर कमी पडतोय. मग ते मागच्या स्पीकरचं बटण किंचित वर सरकवत. याला तक्रारीला जागा ठेवायची नाही, असं मनातल्या मनात म्हणत. खाली कोणी बोलत नसल्यामुळे धाकट्याच्या डोक्यावरचा स्पीकर नुसताच खरखरायचा. तो थोडा वेळ तसाच बघत राहायचा, मग खोकायचा. छताला टांगलेल्या माईकमध्ये तो खोकला स्वच्छ यायचा. काका तिथे खूण करून ठेवत, म्हणजे कापताना शोधावं लागत नसे.

पुढे खोकला वाढला आणि माणूस वाळत गेला. काकूंनी सांगितलं, भावजयीचा निरोप आला आहे, एकदा भेटून या. काका म्हणाले, "येत्या प्रभुभोजनाला दिसेलच की तो." दिसलाही. खांबाला टेकून बसला होता. शांततेत त्याने मान वळवायला वेळ घेतला, पण वळवली. काकांनी बटण वर सरकवलं. पुढच्या आठवड्यात तो गेला.

अंत्यविधीला चर्च भरलं होतं. काका वर काचेच्या खोलीत बसले होते. दुसऱ्या कोणाला बसवा असं पाळकसाहेबांनी सुचवलं, तर काका म्हणाले, "दुसऱ्याला मागच्या स्पीकरचं जमत नाही." त्या दिवशी शब्दन् शब्द मागपर्यंत पोचला. सख्ख्या भावाच्या मरणातही सेवा सोडली नाही, असं लोक म्हणाले.

पंधरवड्याने भावजय दुकानात आली. काउंटरच्या पलीकडे उभी राहिली, बस म्हटलं तरी बसली नाही.

"भाऊजी, एक काम होतं. घरात यांचा आवाजच नाही कुठे. फोटो ढीगभर आहेत, पण आवाज नाही. ते शांततेच्या वेळी खोकायचे ना, ते तुमच्याकडच्या मूळ रेकॉर्डिंगमध्ये असेल. तेवढं मला काढून द्या."

"खोकला?"

"बोलणं कुठून आणणार? खोकलाच चालेल. शेजारच्या खोलीत असले की तोच ऐकू यायचा मला."

"बघतो," काका म्हणाले.

ती गेल्यावर त्यांनी दुकानाचं दार लोटून घेतलं आणि जुन्यात जुन्या रेकॉर्डिंगपासून सुरुवात केली. प्रभुभोजनाचे रविवार तेवढे शोधायचे. पहिल्यात पाळकसाहेब म्हणाले, "ज्याच्याशी बिनसलं आहे त्याच्याकडे आधी जा," आणि त्याला लागूनच म्हणाले, "आता आपण मेजापाशी येऊ या." मध्ये काहीच नव्हतं. श्वास घ्यायलाही जागा नव्हती. काकांनी दुसरं लावलं. त्याच्याकडे आधी जा, आता आपण मेजापाशी येऊ या. तिसरं लावलं. कुठेतरी चुकून एखादा खोकला राहिला असेल, या आशेने ते ऐकत गेले, आणि प्रत्येक वेळी तो शिट्टी वाजवणारा आवाज तेच वाक्य म्हणत राहिला. शिट्टीकडे त्यांचं लक्ष गेलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना शब्द ऐकू आले. हा माणूस इतकी वर्षं दर खेपेला हेच सांगत होता? हे तर सरळ सरळ मला सांगत होता! त्यांना वाटलं, आपण नक्कीच हे कधी ऐकलं नव्हतं. पण रेकॉर्डिंग त्यांच्याच हातचं होतं.

खोकला कुठेच सापडला नाही. काम चोख झालं होतं. काका काउंटरवर डोकं टेकून रडले.

भावजयीकडे जायला त्यांनी आणखी दोन दिवस लावले. ती भाजी निवडत होती. दाराशी उभे राहूनच ते म्हणाले, "नाही सापडला."

"काढून टाकायचात ना?"

"हो."

"त्यांना माहीत होतं." ती उठली, खुर्ची पुढे सरकवली. "घरी आम्ही दोघं तुमचं रेकॉर्डिंग ऐकायचो. ती जागा आली की म्हणायचे, बघ, दादाने मला किती सफाईने काढलंय, सांधासुद्धा कळत नाही. हसायचे. एकदा मीच चिडले. म्हटलं, तुम्ही तरी किती वाट बघणार त्या माणसाची? तर म्हणाले, आज नाही आला, पुढच्या खेपेला येईल."

"कुठे येईल?"

ती त्यांच्याकडे बघत राहिली. "खाली. दुसरं कुठे? दर वेळी वर बघायचे ना ते तुमच्याकडे."

काका खुर्चीत बसले. मला वाटलं स्पीकर कमी पडतोय, हे वाक्य त्यांच्या तोंडाशी आलं, पण ते बाहेर काढण्याइतका निर्लज्जपणा त्यांच्यात नव्हता.

"एकदा तर वर चढून आले होते," ती म्हणाली. "धाप लागेपर्यंत चढले. दारावरचा लाल दिवा लागलेला होता तुमचा. रेकॉर्डिंग चालू आहे, दादाचं काम बिघडेल, म्हणून तसेच परत उतरले."

तो दिवा काकांनी स्वतः बसवला होता. मग त्यांनी विचारलं, "आई शेवटचं काय म्हणाली होती?"

"मला काय माहीत? मी औषध आणायला गेले होते."

"त्याने सांगितलं असेल तुला."

"कितीदा विचारलं! म्हणायचे, ते दादाचं आहे, दादालाच देईन." तिने भाजीचं ताट पुन्हा पुढ्यात ओढलं. "मला नाही दिलं हो त्यांनी."

पुढच्या प्रभुभोजनाला काका नेहमीसारखे वर बसले. पाळकसाहेब म्हणाले, "ज्याच्याशी बिनसलं आहे त्याच्याकडे आधी जा," आणि गप्प झाले. काकांनी हेडफोन काढून ठेवले, लाल दिवा बंद केला आणि ते जिना उतरून खाली आले. बाकांच्या मधल्या वाटेने चालत ते मागच्या खांबापर्यंत गेले आणि रिकाम्या जागेवर बसले. आजूबाजूला माणसं उठत होती, एकमेकांना शोधत होती. काकांकडे कोणी आलं नाही. त्यांचं दुसऱ्या कोणाशी भांडणच नव्हतं.

पुढच्या बाकावरचा एक जण मात्र दचकून मागे वळला. काकांना खाली बसलेलं त्याने कधी बघितलं नव्हतं.

"काय झालं काका?" तो कुजबुजला. "आवाज बिघडला का?"

"नाही," काका म्हणाले. "आवाज चांगला आहे."

मग धाकटा वळवायचा तशी त्यांनी मान वळवली आणि वर बघितलं. समोरच्या खिडकीचा उजेड काचेवर पडला होता. आत माणूस आहे की नाही, ते खालून दिसतच नव्हतं. डोक्यावरचा स्पीकर खरखरत होता.