न विचारता ठरवलेला सत्कार

मला एका जागी बसवत नाही. शाळेत चौतीस वर्षं मराठी शिकवलं, पण खुर्चीत बसून एखादा तास घेतल्याचं आठवत नाही. निवृत्तीनंतर ती सगळी धावाधाव बोरगाव मेघेतल्या आमच्या कॉलनीच्या वाट्याला आली. महिला मंडळाची सचिव मी, व्हॉट्सॲप ग्रुपची ॲडमिन मी, आणि आठ मार्चला कोणाचा सत्कार करायचा असला की मानपत्र लिहिणारीही मीच. आमच्याकडे सत्कारावाचून सहसा कोणी सुटत नाही. पोरगं दहावी पास झालं तरी शाल, माणूस रिटायर झाला तरी शाल. आमचे हे म्हणतात, आता कॉलनीत फक्त दूधवाला उरलाय.

यंदा मात्र माझ्या मनात खरोखरच सत्काराजोगी मुलगी होती. दोन गल्ल्या सोडून राहणारी, माझ्याच हाताखाली शिकलेली. चार वर्षांपूर्वी ती जिथे कॉम्प्युटरवर कामाला होती, तिथल्या मालकाने तिच्यावर अत्याचार केला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आणि तिची आई माझ्या दारात उभ्या होत्या. आई रडत होती. मी चप्पल पायात घातली आणि दोघींना घेऊन पोलीस ठाण्यात गेले.

कायदा मला कळला तो असा, तिच्यामागे उभं राहून. बयान महिला अधिकारीच घेणार, आणि ते कुठे द्यायचं हे ती ठरवणार. तिने माझं स्वयंपाकघर सांगितलं. अधिकारीबाई साध्या पंजाबी ड्रेसमध्ये, स्वतःच्या स्कूटीवर आल्या. गल्लीत जीप आली असती तर निम्मी कॉलनी गॅलरीत येऊन उभी राहिली असती. त्यांनी मला चहा करू दिला आणि मग गोड बोलून माझ्याच घरातून बाहेर काढलं. दीड तास मी अंगणात फेऱ्या मारत होते.

कोर्टातही तेच. सुनावणी बंद दाराआड, आत तिची आई आणि बाहेर मी. माझ्या येरझारांनी शिपाई वैतागला होता. आरोपीच्या वकिलाने तिच्या कॉलेजातल्या मैत्रीवरून काहीतरी विचारलं, तेव्हा न्यायाधीशांनी तो प्रश्नच चालू दिला नाही, असं तिने बाहेर येऊन पाणी पिता पिता सांगितलं. पेपरमध्ये बातमी आली ती 'शहरालगतच्या वस्तीतील तरुणी' एवढीच. मला त्या आडपडद्याचा राग यायचा. एवढी हिंमत केली पोरीने, आणि तिचं नाव मात्र कुठेच नाही.

आई तिला मामाकडे पाठवायला निघाली होती. ती म्हणाली, "मी काऊन जाऊ? मी काय केलं?" आणि राहिली. सेवाग्राम रस्त्यावरच्या एका लॅबमध्ये तिने नोकरी धरली. तिथे कोणाला काही ठाऊक नव्हतं. कॉलनीतही तिचं घर आणि आमचं घर सोडून कोणालाच नव्हतं. सुई टोचण्यात तिचा हात इतका हलका, की म्हातारी माणसं तिचीच वाट बघत बसायची.

फेब्रुवारीत निकाल लागला. शिक्षा झाली. मी त्या दिवशी रस्त्यात भेटेल त्याच्याकडे बघून हसत होते, आणि घरी येईपर्यंत सत्कार ठरवूनही टाकला होता.

मंडळाच्या बैठकीत मी फक्त एवढंच म्हटलं, की यंदाचं नाव माझ्याकडे आहे, त्या दिवशीच सांगीन. मला वाटलं, मी फार सांभाळून वागते आहे. दुपारी ग्रुपवर निमंत्रण टाकलं. 'आपल्याच कॉलनीतील, आमच्या शाळेची माजी विद्यार्थिनी, जिने चार वर्षे न्यायालयात धैर्याने लढा दिला आणि गुन्हेगाराला शिक्षा मिळवून दिली, अशा कन्येचा सत्कार.' नाव नाही, पत्ता नाही. शब्दांवर मी खूश होते. मग प्रमुख पाहुण्या म्हणून ज्यांना बोलवायचं, त्या सरकारी वकीलबाईंना फोन लावला. खटला त्यांनीच चालवला होता.

त्यांनी मला मध्येच थांबवलं. मग म्हणाल्या, "काय लिहिलंय ते वाचून दाखवा." मी ठसक्यात वाचून दाखवलं.

"हे आत्ताच्या आत्ता काढून टाका."

"पण नाव कुठे आहे त्यात?"

"नावच पाहिजे असं नाही. जिच्यावरून ती कोण हे कळेल, अशी कुठलीही गोष्ट जाहीर करता येत नाही. कैद होऊ शकते, मॅडम." त्यांनी कलम सांगितलं. जुना आकडा त्यांच्या तोंडात बसलेला होता, नव्या कायद्यातला सांगताना त्या जरा अडखळल्या. पुढे म्हणाल्या, "तिला स्वतःला वाटलं तर ती लेखी संमती देऊ शकते. पण तिला वाटलं पाहिजे."

मी ग्रुप उघडला. निमंत्रण पुसलं. तोवर एकीने खाली विचारलंही होतं, "कोपऱ्यावरच्या पिवळ्या घरातली काय जी?" आणि तिघींनी त्यावर हात जोडलेली चित्रं टाकली होती. तिचं घर पिवळंच होतं. तेही पुसलं. पण तेवढ्यातही माझं डोकं भलतीकडेच चाललं होतं. लेखी संमती. मग प्रश्नच मिटला. संध्याकाळी दिवाणखान्यात बसून मी माझ्या सुवाच्य अक्षरात तिच्या वतीने कागद तयार केला. 'मी, खाली सही करणार, स्वखुशीने लिहून देते की...' स्वखुशीने हा शब्द लिहितानाही मला काही वाटलं नाही. आज वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लॅबमध्ये गेले. ती पांढऱ्या कोटात बाहेर आली आणि मला समोरच्या चहाच्या टपरीमागे, कोणी नसेल अशा बाजूला घेऊन गेली. मी कागद काढला. तिने शांतपणे शेवटपर्यंत वाचला.

"काल सांजच्याले तीन जणी घरी येऊन गेल्या," ती म्हणाली. "पोरगी कशी हाय म्हणून विचारून राह्यल्या होत्या. आईनं दार लावून घेतलं."

स्वतःची चूक समोर आली की मी आधी चिडते. म्हटलं, "अगं, पण तुला लाज कशाची? लाज त्याला वाटायला पाहिजे. तू ताठ मानेनं स्टेजवर ये, मी आहे ना."

"लाज नाई, मॅडम."

"मग?"

ती कागदाची घडी करत राहिली. "त्या दिवशी माह्या हातात काहीच नोतं. नंतर पोलिसाईनं विचारलं, बयान कुठं देता. डॉक्टरबाईनं विचारलं, तपासू का. जजसाहेबाईनं विचारलं, थांबाचं हाय का थोडं. सगळ्याईनं विचारलं. कोणाले सांगाचं अन् कोणाले नाई, हे मी ठरवत होती. तेवढंच माह्या हातात होतं." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमी नाई विचारलं."

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं, भांडता आलं असतं. मी म्हटलं, "चुकलं माझं." चौतीस वर्षांत विद्यार्थ्यापुढे हे शब्द उच्चारल्याचं मला आठवत नाही. ती म्हणाली, "जाऊ द्या," आणि आत गेली, कारण आत माणसं खोळंबली होती.

जाऊ दिलं असतं, पण ते जाईना. मी पुसलेल्या निमंत्रणाचा फोटो कोणीतरी आधीच काढून ठेवला होता. आमच्या ग्रुपमधल्या एकीची नणंद त्याच लॅबमध्ये रिपोर्ट देण्याच्या खिडकीवर बसते, हे मला कुठे माहीत होतं? आठवड्याभरात लॅबमधल्या बायका तिच्याशी फार प्रेमाने वागू लागल्या. डब्यातलं आधी तिला वाढायच्या. ती आली की बोलणं थांबवायच्या. कोणी वाईट बोललं नाही, हे तिची आई मला दोनदोनदा सांगत होती, जसं काही माझंच सांत्वन करत होती.

आठ मार्चला सत्कार एका निवृत्त परिचारिकेचा झाला. मानपत्र मीच वाचलं. मला वाचताना घाम फुटला होता आणि बायकांना वाटलं, उन्हाळा लागला. कार्यक्रम संपल्यावर दोघींनी मला बाजूला घेतलं. "सांगा न मॅडम, ते पोरगी कोण होती? आमी कोणाले सांगत नाई." मी म्हटलं, अशी कोणी मुलगी नाही, मला चुकीची माहिती मिळाली होती. त्यांनी मान डोलावली. माझ्या खोट्या बोलण्यावर विश्वास ठेवणारी एकही बाई तिथे नव्हती.

मी तेवढ्यावर थांबले नाही. ग्रुप सोडला, सचिवपद सोडलं, वकीलबाईंकडे जाऊन माझ्यावर तक्रार करायची तर करा, असंही सांगून आले. त्या म्हणाल्या, "तक्रार केली तर पुन्हा तिलाच पोलीस ठाण्यात जावं लागेल. तिला विचारलंत का?" या वेळी मी विचारलं. ती नको म्हणाली.

लॅबचं लांब आष्टीला नमुने गोळा करायचं एक छोटं केंद्र आहे. तिकडे कायमचं जायला कोणी तयार नसतं. एप्रिलमध्ये तिने स्वतः हात वर केला. जिला चार वर्षं तो माणूस, त्याचे वकील आणि तारखांवर तारखा जागची हलवू शकल्या नाहीत, तिने जायचं ठरवलं.

फोन तिनेच केला. "मॅडम, मी सोमवारी जाऊन राह्यली. आई येते सोबत, खोली लावून देते अन् परत येते."

मला काहीतरी करायचं होतं, काहीही. म्हटलं, "मी येते बसस्टँडवर. सामान असेल, गर्दी असते, जागा धरते तुमच्यासाठी."

"नका येऊ," ती म्हणाली. "तुमाले सगळे वळखतात. तुमच्यासोबत दिसली का लोकं मले पाह्यतात."

सोमवारी मी गेले नाही. आंघोळ केली, साडी नेसले आणि दाराजवळच्या खुर्चीत बसले. तिची गाडी सुटून तासभर होऊन गेला तरी मी उठले नव्हते.