दहावीला बदली चालत नाही

माझ्या नाकावर राग असतो असं घरी सगळे म्हणतात. मी कधी नाकारलं नाही. पण भिवंडीत एक नोकरी मला त्या रागामुळेच मिळाली होती, हे मी त्यांना अजून सांगते. इंटरनेटवरून दहावीचा अभ्यास करून घेणाऱ्या एका संस्थेला आमच्या भागात केंद्र चालवायला कोणीतरी हवं होतं. मुलाखत घेणारे गृहस्थ म्हणाले, इथे लोक ‘हो हो’ म्हणतात आणि आपल्या मनाचं करतात, तुम्ही कडक वाटता. अब्बा हसत सुटले. म्हणाले, "बरोबर माणूस शोधलाय."

केंद्र म्हणजे किराणा दुकानाच्या माडीवरची एक खोली, काही संगणक आणि एक इन्व्हर्टर. तेव्हा भारनियमन इतकं होतं की वीज आली की लोक आधी मोटर लावायचे, मग बाकीचं बघायचे. शाळा अर्ध्यात सुटलेले लोक माझ्याकडे यायचे. प्रवेशाआधी मी प्रत्येकाला नियम मोठ्याने वाचून दाखवायचे. वयाचा दाखला हवा. वरच्या वयाला मर्यादा नाही. शाळा सुटल्याचा दाखला नसला तर लिहिता-वाचता येतं असं स्वतः लिहून दिलं तरी चालेल. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी आपल्या नावाने संगणकावर हजेरी लागली पाहिजे. गृहपाठ वेळेत आणि स्वतः केलेला हवा. सलग गैरहजर राहिलात तर नाव कमी होईल. लोक माना डोलवायचे, आणि खाली उतरता उतरता विचारायचे, "मग शाळेत कवा यायचा?" पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच.

त्यांच्यातच दिघाशीकडचा एक लूमवरचा, म्हणजे यंत्रमागावरचा, कामगार आला, तिशीचा, बायकोला घेऊन. मी त्याला दादा म्हणायचे आणि तिला वहिनी. तो नववीत शाळा सोडून लूमवर लागला होता. ती सातवी शिकलेली. घरी बसून कारखान्यासाठी कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात घालायच्या छोट्या नळ्यांवर सूत गुंडाळायची. दादाला खोकला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, कापसाच्या उडत्या रुईच्या हवेतून बाहेर पड, नाहीतर छाती कामातून जाईल. दापोड्याला एका गोदामात मालाची आवक-जावक बघायला माणूस हवा होता. तिथे गाडी चालवणाऱ्या मेव्हण्याने शेठकडे शब्द टाकला होता. शेठ म्हणाला, दहावी पास झालास तर ये, निकालापर्यंत मी थांबतो.

"मॅडम, एवढा एक वर्ष काढला का मी सुटलो," दादा म्हणाला.

मी नियम वाचले. वहिनी त्याच्यापेक्षा जास्त लक्ष देऊन ऐकत होती, एवढं मला आठवतं.

केंद्रावर दर वेळी येणं त्याला जमणार नव्हतं, म्हणून त्याने कारखान्याजवळच्या सायबर कॅफेतून अभ्यास करायचं ठरवलं. माझ्या संगणकावर विद्यार्थ्यांची यादी दिसायची. जो अभ्यासाला बसला असेल त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका. बाकीच्यांचे ठिपके मला फोन करकरून लावून घ्यावे लागत. दादाचा ठिपका वेळच्या वेळी. गृहपाठ स्वच्छ, उत्तरं नेमकी. मी इतरांना त्याचं नाव घेऊन घेऊन टोमणे मारायचे. बारा तास लूमवर उभा राहणारा माणूस हे करतो, तुम्हाला काय धाड भरली?

एक दिवस दुपारी मी खाली चहा घ्यायला गेले. टपरीवर दादा उभा होता. बनियनवर, केसांत रुई, भुवयांत रुई, हातात कटिंग. "ड्युटीवर हाय," असं म्हणून तो घाईघाईने निघूनही गेला. मी वर आले, सहज यादी बघितली. त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका.

माझं डोकं तडकलं. तशीच चपला घालून सायबर कॅफेत गेले. कोपऱ्यातल्या संगणकावर वहिनी बसली होती, पदर खोचलेला, एका बोटाने अक्षरं शोधत. पडद्यावर दादाचं नाव आणि खाली टक्केवारीची गणितं. मला बघून तिने तोंडभर हसून बाजूची खुर्ची पुढे केली.

"मॅडम, बसा ना. मी बदलीवर हाय."

बदली. लूमवाल्यांच्या घरात वाढलेल्या मला तो शब्द समजावून सांगायची गरज नव्हती. कामगार आजारी पडला, गावी गेला, की त्याच्या लूमवर दुसरा उभा राहतो. कापड मात्र मूळ माणसाच्या नावावर लागतं, पगारही त्याच्याच नावाने निघतो, मग ते आपापसांत बघून घेतात. त्यात कोणी फसवत नाही आणि कोणी फसत नाही. आमच्या गावाची अर्धी इमानदारी त्या बदलीवर चालते. या दोघांनी दहावीलाही तीच रीत लावली होती.

"नियम वाचला होता ना मी? स्वतः करायचा म्हणून?" मी ओरडलेच.

"त्याचाच तं हाय," ती म्हणाली. तिला खरंच कळत नव्हतं. "नाव त्याचाच हाय, पासवर्ड त्याचाच. लूम थांबवला न्हाय पायजे, एवढाच ना?"

कॅफेतली पोरं माना वळवून बघायला लागली. मी तिला बाहेर नेलं आणि सगळं फोडून सांगितलं. परीक्षेला तर दादालाच बसायचंय, तेव्हा कुठली बदली आणशील? तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. शेवटी तिने एकच विचारलं, "मग त्याचा नाव कापणार का?" तिचे डोळे भरले आणि मला माझाच राग आला. पण नियम काही मी केलेला नव्हता, आणि लपवणं माझ्या स्वभावात नव्हतं.

मी मुख्य कार्यालयाला फोन केला, झालं तसं सांगितलं. तिथल्या साहेबांनी बराच वेळ काथ्याकूट केला आणि मग मधला मार्ग काढला. आतापर्यंतचा सगळा गृहपाठ रद्द. शेवटच्या तारखेच्या आत त्याने तो केंद्रावर, माझ्यासमोर बसून, पुन्हा केला तर प्रवेश राहील. नाहीतर नाव कमी. नाव कमी म्हणजे परीक्षा नाही, आणि परीक्षा नाही म्हणजे दापोडं नाही.

दादा संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर आला, तेव्हा मी केंद्र बंद करत होते. ऐकून खाली बसला. "दुपारी कसा येऊ, मॅडम? लूम कोण बघील?"

"अहो, बदली लावायचीच आहे तर लूमवर लावा!" माझा आवाज पार खालच्या दुकानात गेला असणार. "कापडाला कळत नाही कोणी विणलं ते. दहावीला कळतं."

तो हसला, आणि हसता हसता खोकत सुटला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो हजर. शेजारच्या लूमवरच्या उत्तर प्रदेशातल्या सोबत्याने सांगितलं होतं, "जा भाई, मैं देख लूँगा, पास होके मिठाई खिलाना." त्यानंतर कधी हा सोबती, कधी दुसरा, दादाच्या लूमवर उभा राहायचा आणि दादा माझ्यासमोर बसायचा. सुरुवातीचे दिवस भयंकर गेले. त्याला काहीच येत नव्हतं, येणार कुठून! टक्केवारीपाशी तर गाडी रुतून बसली. वहिनी जिन्यात बसायची. आत तो अडला की तिची चुळबुळ सुरू व्हायची, बांगड्या वाजायच्या, ती घसा खाकरायची. मी दोनदा तिला उठवून खाली पाठवलं.

मग मीच म्हटलं, "वहिनी, इथे नाही. घरी शिकवा ना त्याला. शिकवायला कुठल्या नियमाची आडकाठी नाही."

त्या दोघांना हे सुचलंच नव्हतं. दादाच्या वाटणीचा अभ्यास आपण करून द्यायचा, एवढंच तिला माहीत. शिकवण्याइतकं आपल्याला येतं असं तिला वाटलंच नव्हतं. आठवड्याभरात टक्केवारी सुटली. "रात्री मारते मला," दादा तक्रार करायचा, पण त्या तक्रारीत कौतुक होतं.

एकदा तो लिहीत असताना मी तिला विचारलं, "तुम्ही का नाही प्रवेश घेत?"

"सातवीवालीला कोन घेतो?"

"मी वाचून दाखवलं होतं. वय आणि लिहिता-वाचता येणं, बस."

"ऐकला होता मी," ती म्हणाली. "मला वाटला ते दुसऱ्यांसाठी हाय." आणि लगेच, "आधी त्याचा होऊन जाऊ द्या."

गृहपाठ मुदतीत गेला. प्रवेश टिकला. दादा परीक्षेला बसला आणि काठावर का होईना, पास झाला. निकाल त्याच्याआधी मी बघितला, आणि किराणा दुकानात जाऊन सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या. इतका आनंद मला माझ्या स्वतःच्या निकालाचाही झाला नव्हता. थोड्या दिवसांनी दापोड्याहून त्याचा फोन आला. मागे ट्रकचे हॉर्न वाजत होते, काही ऐकू येत नव्हतं. पण बोलताना तो एकदाही खोकला नाही.

पुढच्या प्रवेशाच्या वेळी वहिनी आली. मी नियम वाचायला घेतले तर म्हणाली, पाठ आहेत. तरी मी सगळे वाचले; मी कोणाला सोडत नाही. ती केंद्रावरच बसून अभ्यास करायची.

एका रविवारी ती गणितात गढली होती, इतक्यात दादा डबा घेऊन जिना चढून आला. दारातच थांबला. मला घाबरायची त्याची सवय गेली नव्हती.

"काय हो, पुन्हा बदली?" मी विचारलं.

"इथं न्हाय, मॅडम. घरी." त्याने डबा उघडला. तांदळाच्या भाकऱ्या होत्या. एक जाड, एक फाटलेली, एक कडेने करपलेली. "आज चुलीवर मी बदली हाय. पन आईला सांगितला, हिनंच केल्यात. बदलीचा काम मूळ मान्साच्या नावावर लागतो."

वहिनीने त्या भाकऱ्या बघितल्या आणि कपाळावर हात मारला. "या माझ्या नावावर लावल्या? आता सासू मला गावभर नावं ठेवील."

आम्ही तिघं खूप हसलो. मग ती वळली आणि परत संगणकाकडे बघायला लागली. माझ्या पडद्यावरच्या यादीत हिरव्या ठिपक्याशेजारी तिचं स्वतःचं नाव होतं.