पाळण्याची दोरी

आधीच सांगते, चमत्कार-बिमत्कार माझ्या डोक्यात शिरत नाहीत. कोणाच्या अंगात आलं तरी मी आधी पाणी विचारते. पण गेल्या दत्तजयंतीला जे बघितलं ते अजून घशात अडकलंय... म्हणून लिहितेय.

भांडुप पश्चिमेला, आमच्याच सोसायटीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये आमचं सत्संग मंडळ भरतं. दत्तजन्म संध्याकाळी, दिवेलागणीला. मूर्ती पाळण्यात ठेवायची, बायकांनी पाळणा म्हणायचा आणि दोरी ओढायची. पहिली दोरी आईची. मंडळ सुरू झाल्यापासून तिचाच मान, कारण अख्खा पाळणा तिलाच पाठ. वर्षभर त्या संध्याकाळची वाट बघायची ती.

गेल्या वर्षी मे महिन्यात बाबा गेले.

दत्तजयंतीच्या संध्याकाळी आई नेहमीसारखी पुढे झाली, तर मंडळाच्या प्रमुख शैलाताई गोड आवाजात म्हणाल्या, "काकू, यंदा सवाष्णींना ओढू दे हं. तुम्ही मागे बसून म्हणा ना."

माझं टाळकंच सटकलं. "ताई, दत्तगुरूंनी सांगितलं का तुम्हाला?"

आईने माझा हात दाबला. "जाऊंदे गो. देवाच्या दारात भांडान नको." आणि चपलांच्या रॅकजवळ जाऊन बसली. माझी आई! चपलांजवळ!

शैलाताईंनी दोरी ओढली. पाळणा हलेना. दोरी ताठ झाली, पाळणा जागच्या जागी. दुसरीने ओढली, तिसरीने ओढली... छे! दोघा पुरुषांनी कड्या तपासल्या, काही अडकलं नव्हतं. हाताने ढकलला तरी ढिम्म. मुहूर्त टळायला आला, तेव्हा कोणीतरी म्हणालं, काकू, निदान पाळणा तरी सुरू करा.

आईने मागूनच सुरू केला, रडवेल्या आवाजात. आणि पाळणा हलला... दोरी खाली सतरंजीवर पडलेली, समईसाठी पंखे बंद, खिडक्या बंद. आईच्या लयीत जात-येत होता. मी पाळण्याच्या अगदी शेजारी उभी होते हो.

"गुरुमाउलींची कृपा!" शैलाताई ओरडल्या. सगळ्यांचे मोबाईल वर. दोरी मात्र कोणी उचलून आईच्या हातात दिली नाही. एकीनेही नाही.

आई मध्येच गायची थांबली. पाळणाही थांबला. प्रसादाचा सुंठवडा न घेताच आम्ही घरी आलो. जिन्यात ती म्हणाली, "माका चमत्कार नको होतो गो. दोरी होयी होती."

नंतर मी एकटी जाऊन तो पाळणा हलवून बघितला. बोट लावलं तरी हलतो. त्या दिवशी काय झालं होतं, मला आजही सांगता येत नाही.

यंदा दत्तजयंती जवळ आली तसा शैलाताईंचा फोन आला. स्पीकरवरच होता. "काकूंना पाठवा हं नक्की. आणि गेल्या वर्षीच्याच जागी बसवू त्यांना... तिथूनच चमत्कार होतो ना!"

आई भाजी निवडत होती. तशीच निवडत राहिली.